गिरानातली लाईट

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी, वेध लागायच्या आत, आक्काबाईंनी घरातल्या प्रत्येक भांड्यावर तुळशीचं पान ठेवलं. दूध, तूप, लोणच्याची बरणी, करंज्यांचा डबा, पाण्याचा हंडा, काही सुटलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सूर्यग्रहण होतं. ग्रहणात घरात साठवलेलं काही खायचं-प्यायचं नसतं, पण तुळशीचं पान ठेवलं असलं तर ते चालतं. हे सगळं आक्काबाईंना पाठ होतं. तरीही एका वस्तूवर पान ठेवायचं राहिलंच. ती म्हणजे कोपऱ्यात पाटावर बसवलेली सोलरची बॅटरी.

निरवांगीच्या शिवारातल्या त्या वस्तीवर पंच्याण्णव साल उजाडलं तरी विजेचा खांब आला नव्हता. मे महिन्यात आक्काबाई आणि सर्जेराव या नवराबायकोनं लेकीचं, रेश्माचं, लग्न दारातच लावलं. संध्याकाळी वरात निघायच्या वेळी गॅसबत्ती विझली आणि बारामतीच्या विहीणबाई, दगडाबाई, चारचौघांत म्हणाल्या, "आमच्या सुनंचं तोंड आमी बारामतीत जाऊनच बघू. हितं काय दिसंना."

बोलून त्या गेल्या, पण रेश्माला ते वाक्य सासरी उठता-बसता ऐकावं लागलं. दिवा पेटला की सासूबाई म्हणायच्या, "बघ बाई, ह्याला लाईट म्हंत्यात." पोरगी माहेरी आली की हे हसत सांगायची आणि सांगताना डोळे पुसायची. सर्जेरावांच्या ते जिव्हारी लागलं. त्यांनी चार मेंढरं विकली, इंदापूरच्या पंचायत समितीत दहा-बारा हेलपाटे घातले आणि सरकारी योजनेतून छपरावर सोलरची प्लेट, घरात बॅटरी आणि दोन ट्यूब बसवून घेतल्या. पहिला दिवाळसण होता. ग्रहणाच्याच दिवशी संध्याकाळच्या एसटीनं रेश्मा, जावई रविराज आणि खुद्द दगडाबाई येणार होत्या. दुसऱ्या दिवशी पाडवा करून संध्याकाळी परत जाणार होत्या. म्हणजे सहा महिन्यांच्या टोमण्याला उत्तर द्यायला सर्जेरावांच्या हातात एकच संध्याकाळ होती.

ग्रहणाच्या सकाळी ते बाहेर आले तर आक्काबाई छपराच्या शिडीवर. हातात घोंगडं.

"आगं, काय करतीस?"

"झाकतीया ह्या प्लेटला. दिस उगवल्यापासनं सूर्याकडं टक लावून बघती. गिरानात बघू न्हाय."

"ती काय गरवार बाई हाय व्हय?"

"पोटात लाईट घिऊनच बसल्याली असती की!"

तास-दोन तासांचा प्रश्न आहे म्हणून सर्जेरावांनी सोडून दिलं. तिथंच ते चुकले.

दहाच्या आत ग्रहण सुटलं. सगळी वस्ती नीरा नदीवर आंघोळ करून आली. आक्काबाईंनी घोंगडं काढलं, दारातल्या बादलीतलं बिनपानाचं पाणी अंगणात ओतलं, आणि ओतता ओतता त्यांची नजर बॅटरीवर गेली.

"ह्यात काय साठतं म्हनला व्हता त्यो मिस्त्री?"

"लाईट," सर्जेराव बोलून गेले आणि त्यांनी जीभ चावली.

"मंग वतून टाका."

"लाईट वतायची कशी?"

"ते तुमचं तुमी बघा. पोरीचा पयला दिवाळसन, आन गिरान लागल्याली लाईट तिच्या डोक्यावर पाडायची? आमाला न्हाय चालायचं."

सर्जेराव बाहेर गेले, वृंदावनातलं एक पान खुडलं, मागच्या दारानं आत आले आणि हळूच बॅटरीवर ठेवून ओरडले, "आगं, हे बघ! पान हाय की हिच्यावर! राती मीच ठिवलं व्हतं."

आक्काबाईंनी दुधावरचं पान उचललं. ते सुकून काळवंडलं होतं. मग बॅटरीवरचं उचललं.

"रातीचं पान, आन अजून पानी निथळतंय त्याचं?"

बायकोनं पकडल्यावर माणूस पंचांकडे जातो. वस्तीवर पंच म्हणजे आबाजी. वय ऐंशी, जन्म मेंढरांमागं गेला, आणि ग्रहणाचे नियम त्यांच्याइतके कुणालाच माहीत नव्हते. आबाजी आले, बॅटरीला कान लावून बसले आणि बऱ्याच वेळानं म्हणाले, "ही लाईट कवाची?"

"कालची," सर्जेराव म्हणाले.

"आन गिरान?"

"आजचं."

"मंग साठवल्यालीच की. काढा."

"आवो आबा, पर काढायची कशी?"

"दिव्यातलं त्याल कसं संपवत्यात? जाळूनच ना? लावा ट्यूबा."

भर अकरा वाजता दोन्ही ट्यूब लागल्या. अंगणात ऊन, घरात उजेड, आणि मधे डोक्याला हात लावून बसलेले सर्जेराव. बघायला वस्ती जमली. जमलेल्यांतल्या सारजाबाईंना शंका आली, "आबा, माज्या हातब्याटरीत सेल हायती. त्यात बी लाईटच की."

निवाडा एकदा दिला की मागं घेता येत नाही. आबाजी म्हणाले, "साठवल्यालं म्हंजी साठवल्यालं."

घराघरांतून बॅटऱ्या बाहेर आल्या आणि सूर्यप्रकाशात पेटवून ओळीनं ओट्यावर ठेवल्या गेल्या. कुणी रेडिओ मोठा करून लावला. शेजारच्या तात्यांचा ट्रॅक्टर उभा होता. त्याची बॅटरी कशी उतरवायची यावर थोडी चर्चा झाली आणि तात्या हॉर्न दाबून बसले. हॉर्न ऐकून आबाजींची मेंढरं वाघुरीची जाळी तोडून उधळली ती थेट तात्यांच्याच कडवळाच्या उभ्या चाऱ्यात शिरली. तात्यांना दिसत होतं, पण हॉर्न सोडावा तर धर्म बुडतो. ते दाबता दाबताच मेंढरांना शिव्या देत राहिले.

एक वाजला तरी घरातल्या ट्यूब लख्ख जळत होत्या. सर्जेरावांना कारण कळलं. वरची प्लेट उन्हात होती. जेवढी लाईट खाली जळत होती तेवढी वरून भरत होती. हे असंच चाललं तर संध्याकाळची काळजीच नव्हती. ते मनातल्या मनात हसले आणि भिंतीला टेकून बसले.

आक्काबाई ट्यूबकडे बघत होत्या. मग छपराकडे बघितलं. मग नवऱ्याच्या तोंडाकडे.

"वरनं ताजी येतीया, व्हय?"

"यील थोडी."

"आन ती शिळीत मिसळतीया! नासली की समदी! आन तुमी हासताय!"

घोंगडं परत शिडी चढलं. आता खरा उपसा सुरू झाला. दोन वाजले, तीन वाजले. चार वाजता दोन्ही ट्यूब एकदा फडफडल्या आणि विझल्या. आबाजींनी पुन्हा कान लावला. "रिकामी," ते म्हणाले आणि मेंढरं शोधायला गेले.

सर्जेरावांनी घोंगडं ओढून काढलं. सूर्य कलला होता आणि हाताशी जेमतेम दोन तास होते. त्यांनी डोक्याचा फेटा सोडून प्लेट पुसली, पान्यानं नट ढिले केले, प्लेट पश्चिमेला वळवली आणि दोन्ही हातांनी धरून छपरावर उभे राहिले. सूर्य जसा खाली जाईल तशी ते प्लेट वाकवत होते. ते अगदी रडायच्या बेतात होते. पोरगी सासूला घेऊन येत होती आणि घरात दोन तासांची लाईट होती. तीही संध्याकाळच्या उतरत्या उन्हाची.

अंधार पडता पडता एसटी आली. पुढं रेश्मा, मागं पिशव्या घेतलेला रविराज, आणि त्यांच्यामागं दगडाबाई. नऊवारी, ठसठशीत कुंकू, चेहरा कडक. सर्जेराव बटणापाशी उभे होते. पाहुणे अंगणात आले तसं त्यांनी ते दाबलं.

ट्यूब थरथरली, टोकाला लाल झाली आणि लागली. रेश्माच्या तोंडावर जे हसू आलं ते बघून सर्जेरावांना दिवसभराचं सगळं विसरायला झालं. त्यांनी छाती काढली. "या, ईनबाई, या!"

दगडाबाईंनी पाय धुतले, एक पाय उंबऱ्याच्या आत टाकला, आणि ट्यूब गेली.

काळ्याकुट्ट अंधारात रेश्मानं बारीक आवाजात बापाला हाक मारली, "दादा..." सर्जेरावांना वाटलं, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं. मग आक्काबाईंनी कंदील लावला आणि आडपडदा न ठेवता सांगून टाकलं, "लाईट हाय, ईनबाई. पर गिरानातली व्हती. ती समदी वतून टाकली. ही ताजी दोन तासांची व्हती, संपली. ह्यास्नी बोलू नगा, मीच वताय लावली."

दगडाबाई तशाच उंबऱ्यात उभ्या होत्या. एक पाय आत, एक बाहेर.

"आन पानी?" त्यांनी विचारलं.

"पान्याचं काय?"

"घरातलं पानी कवाचं?"

"गिरान सुटल्यावर आडातनं शेंदल्यालं."

"आना."

आक्काबाईंनी तांब्या दिला. दगडाबाईंनी तो उभ्यानंच घटाघटा संपवला. दुसरा मागितला. तिसऱ्या तांब्याला त्या खाली बसल्या आणि पदरानं तोंड पुसून म्हणाल्या, "काल सांजपासनं पान्याचा थेंब न्हाय पोटात. आमच्याकडं नळाचं पानी. गावाची टाकी पहाटं भरत्यात, म्हंजी समदं गिरानातलं. ह्याला म्हनलं, टाकी वताय सांग कुनाला तरी. तर ह्यो हासतोय."

रविराज कंदिलापासून जरा लांब सरकला.

"आवो ईनबाई, लाईट वतनारी मानसं हायती तुमी!" दगडाबाईंचा आवाज चक्क मऊ झाला होता. "रेश्मा, तुज्या आईगत पाळनूक आमच्या घरात एकाला न्हाय. शिक जरा."

रेश्मानं आईचा हात धरला. सर्जेरावांना आनंद व्हायला हवा होता आणि झालाही. फक्त ट्यूबसाठी विकलेली चार मेंढरं त्यांच्या डोळ्यांपुढून गेली.

दुसऱ्या दिवशी पाडव्याला कडकडीत ऊन पडलं. संध्याकाळच्या एसटीनं लेक-जावई बारामतीला गेले. दगडाबाई गेल्या नाहीत. ती टाकी पुरती उपसून नव्यानं भरेपर्यंत आपण बारामतीचं पाणी पिणार नाही, असं त्यांनी जाहीर केलं. बारामतीची टाकी कधी उपसतील हे रविराजलाही सांगता येईना.

जेवणं झाली. दिवसभर भरलेली बॅटरी होती. सर्जेरावांनी दोन्ही ट्यूब लावल्या. सबंध घर दुधासारखं उजळलं, चुलीमागची राखसुद्धा दिसत होती. ते विहीणबाईंच्या समोर मांडी घालून बसले आणि त्या काय म्हणतात याची वाट बघू लागले.

दगडाबाईंनी वाकळ अंथरली, कूस बदलली, पदर डोळ्यांवर घेतला, मग बाजूला केला.

"सर्जेराव," त्या म्हणाल्या, "त्या ट्यूबा तेवढ्या बंद करा की. डोळ्यावर उजीड आला का मला झोपच लागत न्हाय."

सर्जेराव उठले आणि त्यांनी बटण दाबलं. विहीणबाई लगेच घोरायला लागल्या.