अडीच मिनिटांची तार

नऊ

हरिबानं सगळ्यांना आधीच सांगून टाकलं होतं, तिथंच तो अडकला. रविवारी लग्नाला पंचवीस वर्षं पूर्ण होत होती. जेवायला वीस माणसं येणार होती, आणि जेवणाआधी तो संयोगितासाठी इलेक्ट्रिक गिटारवर एक धून वाजवणार होता. अडीच मिनिटांची, पहिल्यापासून शेवटपर्यंत. फौजेत हवालदारकी करताना बायकोसाठी पहिल्यापासून शेवटपर्यंत असं काहीच जमलं नव्हतं. लग्नातसुद्धा अंगावरची हळद उतरायच्या आत रजा संपली होती.

"वाजवा की," संयोगिता म्हणाली. "पण आधी दळण आणा."

दळण आणून गुरुवारी शिराळ्याच्या घरात, माडीवर, त्यानं पुन्हा सराव सुरू केला. दोन मिनिटं बिनचूक गेली. शेवटची ओळ आली. त्यानं डोळे मिटले, बोटानं तार वर ताणली आणि त

दहा

ट्. पहिली, सगळ्यात बारीक तार तुटली. या आठवड्यातली तिसरी.

नऊ नंबरची तार म्हणजे इंचाचे हजार भाग केले तर त्यातले नऊ. दोन-तीन केसांएवढी. तेव्हा चूक तारेची, असं हरिबानं ठरवलं. शेजारच्या बिराप्पानं कुंपणावरून दुजोरा दिला.

"हवालदार, माजावरचा बोकड कुणी सुतळीनं बांधतं व्हय? जाड आणा जाड."

शुक्रवारी पहिल्या एसटीनं हरिबा सांगलीला गेला. वाद्यांच्या दुकानात विश्वजीतनं काउंटरवर पाकिटं पसरली. निकेलच्या, स्टीलच्या, वरून लेप दिलेल्या. लाल, जांभळ्या, काळ्या.

"नऊच न्या काका. नवशिक्याला मऊ बरी पडती."

हरिबाची मिशी हलली. "सियाचीनला दोन हिवाळे काढल्यात मी."

"मग दहा न्या."

"कंपनी कंची दणकट?"

"सगळ्या चांगल्याच हायत की. लाल ऑर्केस्ट्रावाले नेत्यात."

लाल घेतली. संध्याकाळी पुन्हा माडी, पुन्हा दोन मिनिटं, पुन्हा शेवटची ओळ. या खेपेला हरिबानं श्वाससुद्धा

बारा

रोखून धरला होता, पण तार गेलीच.

शनिवारी तो गिटार पाठीला बांधून दुकानात हजर झाला. अकरा मागणं त्याला कमीपणाचं वाटलं.

"बारा दे. काळं पाकीट."

"काका, बोटं सोलून निघतील."

"निघू देत."

तिथंच बाकावर बसून त्यानं तार चढवली आणि वाजवायला घेतलं. बोटं सोलून निघतील हे विश्वजीतचं म्हणणं खरं ठरलं. तार तुटणार नाही हे हरिबाचं म्हणणं खोटं ठरलं.

विश्वजीतनं तुटलेलं टोक हरिबाच्या खिशातल्या जुन्या तारांशी ताडून बघितलं. "काका, पाकिटं बदलली, जाडी बदलली, आन तुटायची जागा एकच. मिरजेला जावा. सतारी करणारं चाचा हायत, त्यास्नी दावा."

घोडी

चाचांनी गिटार मांडीवर घेतली. पाकिटांकडं त्यांनी ढुंकूनही बघितलं नाही. तार ज्या धातूच्या तुकड्यावर टेकते, त्या घोडीवरून त्यांनी नख फिरवलं. नख अडकलं.

"हितं काटा हाय. तार कापून काढतोय. नऊची लावा न्हाईतर नव्वदची, तुटणारच."

हरिबा सोललेल्या बोटांकडं बघत राहिला. "मग काढा की."

"काढतो. तुमी च्या पिऊन या. आन येताना नऊची तार आणा, बोटं बघा जरा सोताची."

हरिबा तार घेऊन तासाभरानं परतला. काटा निघाला होता. पण चाळीस वर्षं तंबोऱ्यांच्या घोड्या घासलेला हात तेवढ्यावर कसा थांबेल? सहा तारांच्या सहाही घोड्या घासून सपाट, आरशासारख्या झाल्या होत्या.

"सूर गुंजत ऱ्हावा म्हणून जवारी बी काढून दिली," चाचा म्हणाले. "आता सूर कसा फुलतोय बघा. त्ये माझ्याकडनं, लग्नाच्या वाढदिसाचं."

जोडून ऐकायला तिथं स्पीकर नव्हता, आणि शेवटची एसटी सुटायला आली होती. घरी पोचला तेव्हा गाव झोपलं होतं, आणि सकाळी पाहुणे यायला लागले.

पुन्हा नऊ

रविवारी सतरंजीवर वीस माणसं बसली. हरिबानं स्पीकर चालू केला आणि पहिली तार छेडली.

झंऽऽऽ.

सूर थांबेना. दुसरा सूर पहिल्यात मिसळला, तिसरा दोघांत. धून आत कुठंतरी होती, पण मधमाश्यांच्या पोळ्यात शिरल्यासारखी.

"करंट उतरलाय काय?" बिराप्पानं पाय आखडून घेतले.

हरिबानं हाय खाल्ली आणि पहिलीच तार पुन्हा पुन्हा छेडत बसला. तेवढ्यात भजनी मंडळात उभा जन्म काढलेल्या सासूबाई, शालूबाई, ताठ झाल्या.

"जावईबापू, आवं तंबोरा कवा शिकलासा? ऱ्हाऊ द्या, सोडू नगासा त्यो सूर."

त्यांनी डोळे मिटून अभंग उचलला. कुणीतरी टाळ आणले. एक अभंग झाला, दुसरा झाला, चौथा झाला. स्वयंपाक गार पडला. सासूबाईंना थांबा म्हणायची छाती सियाचीन काढलेल्या माणसालाही होईना. बोटांची आग होत होती. प्रत्येक ओळीला हरिबा पहिल्या तारेकडं मोठ्या आशेनं बघत होता.

संयोगिता पाण्याचा तांब्या घेऊन शेजारी टेकली. "अडीच मिनिटं म्हणला हुतासा."

"तार तुटली की थांबतो," तो पुटपुटला.

तिनं त्याच्या बोटांवरच्या पट्ट्या बघितल्या, मग तार बघितली.

"तुटत न्हाई ती आता," ती म्हणाली, आणि तिथंच मांडी घालून टाळ हातात घेतले.

सहावा अभंग सुरू झाला.