बेथलेहेमातले बेडूक

न्हाणीला टाइल्स घालूया, एवढंच मी म्हटलं होतं. पुढे जे झालं त्याला मी जबाबदार नाही, असं लिहायची फार इच्छा आहे. पण हे माझी बायको फ्रान्सिस्का वाचणार आहे.

तर, टाइल्सवाला यायच्या आदल्या दिवशी न्हाणीतलं पिंप हलवलं आणि मागून दोन बेडूक निघाले. डबक्यातले नव्हेत, झाडावर राहणारे. अंगाने सडपातळ, बोटांच्या टोकांना चिकट गोळे, आणि चेहऱ्यावर आमच्या पतसंस्थेच्या मॅनेजरसारखा 'उद्या या' असा भाव. माझी बायको पालीला झाडूने मारते, विंचवाला चपलेने. पण बेडूक दिसला की खुर्चीवर चढते.

"डोमिंग, त्या बेब्यांका आताच्या आता व्हाळात सोडून ये," ती खुर्चीवरून ओरडली. "परत घरात बेबो दिसलो तर मी म्हायेराक गेलंय म्हणान समज!"

मी दोघांना बादलीत घालून ओढ्यावर नेलं. तिथे दगडावर एक दिवड, पाण्यातला साप, ऊन खात पडलं होतं. त्याने बादलीकडे असं पाहिलं, की जणू मी त्याचा डबाच घेऊन आलोय. मला काही सोडवेना. 'दोन दिवस ठेवू, मग बघू' असं म्हणून मी बादली मागच्या दाराने पडवीत आणली आणि झाकून ठेवली. (माझं लग्न सोडलं तर आयुष्यातले सगळे निर्णय मी 'मग बघू' म्हणूनच घेतलेत. लग्नाचा निर्णय फ्रान्सिस्काने घेतला.)

मग मोबाइलवर बघितलं आणि माझे डोळेच उघडले. बेडकाला बादलीत ठेवणं म्हणजे माणसाला पिंपात ठेवण्यासारखं. त्याला चढायला फांदी लागते, लपायला पानं लागतात, अंगाला ओल लागते. नळाचं पाणी तसंच द्यायचं नाही, ब्लीचिंगचा वास उडेपर्यंत उघडं ठेवायचं. हाताळायचं तर मुळीच नाही, आपल्या हाताचा साबण त्याच्या कातडीला बाधतो. मी कामाला लागलो. जुन्या शोकेसचा काचेचा कप्पा काढला, वर मच्छरदाणीची जाळी ताणून बसवली. तळाला नारळाचा काथ्या, त्यावर विहिरीवरचं शेवाळ, एका कोपऱ्यात पेरूची फांदी, मनीप्लांट, करवंटीत पाणी. इस्त्रीच्या वेळी कपड्यांवर मारायचा फवारा मी बेडकांवर मारू लागलो. संध्याकाळी कुडाळहून घरी आलो की पडवीतल्या दिव्याखाली बेडकांसाठी किडे-पाखरं पकडत उभा राहायचो. ज्या माणसाने घरात कधी खिळा ठोकला नाही, तो मी, गाणी गुणगुणत जाळी शिवत होतो!

आता तुम्ही म्हणाल, फ्रान्सिस्काला हे दिसलं नाही? दिसलं ना. कप्प्यावर मी चादर टाकून ठेवायचो, पण रोज पडवीत घुसणारा नवरा कसा लपणार? नवल म्हणजे तिने एका शब्दाने विचारलं नाही. उलट चहा आणून ठेवला. मग चहाबरोबर नाताळसाठी केलेले कुलकुल आले. एके दिवशी चादर काढून तिने आईच्या हातची लेस लावलेलं मेजपोस टाकलं, तेही तोंड दुसरीकडे करून!

"खरा गवत घातलंस काय रे?" तिने विचारलं.

मी गार पडलो. म्हणजे हिला कळलंय आणि हिने माफही केलंय!

"गवत नाय, शेवाळ. बावडेवरचा."

"आणि पाणी?"

"करवंटीत आसा."

"उजेड?"

"मंद. जास्त बरो नाय."

"व्हय व्हय, मंदच बरो. त्या क्रिस्टीनाकडे बघ, सगळा प्लास्टिक!"

शेजारच्या क्रिस्टीनाकडेही बेडूक आहेत, हे मला नवीन होतं.

उलगडा रविवारी चर्चबाहेर झाला. फादरनी माझ्या पाठीवर थाप मारली. "डोमिंग, छुपा रुस्तम निघालास! यंदा नाताळचा गोठा तू करतोयस म्हणे. फ्रान्सिस्काने स्पर्धेत नाव दिलंय."

आमच्याकडे नाताळात घरोघर बाळ येशूच्या जन्माचा देखावा मांडतात, तो गोठा. दरवर्षी पहिलं बक्षीस क्रिस्टीनाला. आमच्या घरी मी 'मग बघू' म्हणायचो आणि शेवटी फ्रान्सिस्का खोक्यावर मूर्ती मांडायची.

मी तिथल्या तिथे खरं सांगायला हवं होतं. तोंडही उघडलं होतं. पण पलीकडे फ्रान्सिस्का बायकांत उभी राहून सांगत होती, "माझो घोव…" आणि आमच्या संसारात पहिल्यांदाच 'माझो घोव'ने सुरू झालेलं वाक्य तक्रारीवर संपत नव्हतं. "माझो घोव रोज सांजचो राबता गो! माका बघूकसुद्दा देना नाय." तिचा चेहरा असा फुलला होता, की मला लाज वाटली. इतकी लाज वाटली, की खरं सांगायचीही लाज वाटली. मी तोंड मिटलं.

चोवीस तारखेला रजा टाकून गोठा करायचा, असा माझा बेत होता. परीक्षक तेवीसच्या संध्याकाळीच आले. फादरना दुसऱ्या दिवशी फुरसत नव्हती. सोबत गुरुप्रसाद मास्तर होते, कणकवलीचे निवृत्त विज्ञान शिक्षक. (आमच्यात सगळे एकमेकांचे सोयरे, म्हणून परीक्षक मुद्दाम बाहेरचा.) आणि मागे, कोणी न बोलावता, क्रिस्टीना.

फ्रान्सिस्काने निळा रेशमी ड्रेस घातला होता. मी "अगो, आयक…" म्हणेपर्यंत तिने मेजपोस ओढलं.

शेवाळ. फांदी. करवंटी.

"सुंदर!" फादर म्हणाले. मग वाकले. "पण बाळ येशू कुठे?"

"तो… उद्या मध्यरात्री जन्मणार ना, फादर," मी म्हणालो.

"बरोबर. मारिया आणि जोजफ?"

"वाटेवर आहेत. गाढव दमलंय."

"तीन राजे?"

"त्यांचा सण जानेवारीत."

"मेंढपाळ तरी?"

"रानात. त्यांना देवदूताने अजून कळवलेलं नाही."

फादरनी मान डोलावली. धर्मशास्त्राप्रमाणे माझं काही चुकत नव्हतं. फ्रान्सिस्का मात्र माझ्याकडे बघू लागली होती. मास्तरांनी नीट बघावं म्हणून वरची जाळी उचलली, आणि दिवसभर काचेला चिकटून झोपलेल्या एका बेडकाने डोळा उघडला. एकच उडी. बेडूक थेट फ्रान्सिस्काच्या अंबाड्यावर!

मी डोळे मिटले. किंकाळी आली नाही. डोळे उघडले तर ती ताठ उभी, घामाने डबडबलेली, ओठ पांढरे. समोर क्रिस्टीना होती ना! सगळा जीव गोळा करून ती म्हणाली, "बेथलेहेमात… बेबे नसतले काय, फादर?"

"बेबे इजिप्तात होते," क्रिस्टीना म्हणाली. "देवान शिक्षा म्हणान धाडलेले."

मास्तर अजून आत वाकून बघत होते. "ओल आहे, हवा आहे, आडोसा आहे. बेडकांसाठी इतकं निरोगी घर मी शाळेतही केलं नव्हतं. पण डोमिंगराव, गोठा कुठे आहे?"

बायको माझ्यासाठी डोक्यावर बेडूक घेऊन उभी होती. आता आणखी खोटं बोलवेना.

"गोठा नाही," मी म्हणालो. "ओढ्यावर दिवड होतं, म्हणून मी बेडकांचं घर केलं. तिला वाटलं, गोठा."

 मास्तरांनी ओलं पान पुढे करून बेडूक अलगद उतरवला. "ह्यांना विहिरीमागच्या अळवात सोडा," ते हळूच म्हणाले. "दिवडापासून कसं वाचायचं, ते त्यांना तुमच्यापेक्षा जास्त कळतं." आणि मंडळी गेली.

मला वाटलं, आता खुर्ची अंगावर येईल, निदान झाडू. फ्रान्सिस्का पायरीवर बसली. "चुलीकडच्या खिडकेक जाळी मार म्हणान माझी जीभ झिजली," ती म्हणाली. "बेब्यांका जाळी मारलंस." मग म्हणाली, "माका वाटला, तू माझ्यासाठी करतस."

तिने झाडू घेतला असता तर बरं झालं असतं.

चोवीसला पहाटे बेडूक अळवात सोडले. ते मागे वळूनही न बघता पानाखाली गेले. मग खिडकीला जाळी मारली. (एक कोपरा उघडा राहिला, पण डासांना तो अजून सापडलेला नाही.) मग गोठा केला. छप्पर दोनदा जोजफच्या डोक्यावर पडलं. तिसऱ्यांदा फ्रान्सिस्कानेच एका हाताने खांब धरला.

चर्चमध्ये नाताळच्या मिसेनंतर, म्हणजे प्रार्थनेनंतर, बक्षिसं जाहीर झाली. पहिलं क्रिस्टीनाला. मी मान खाली घालून बसलो होतो. फादर म्हणाले, "मास्तरांच्या आग्रहावरून यंदा एक खास बक्षीस आहे. वाडीतल्या सगळ्या गोठ्यांतली उत्कृष्ट मूर्ती. डोक्यावर बेडूक बसला तरी जी तसूभर हलली नाही, ती… फ्रान्सिस्का!"

चर्चचं छप्पर उडेल एवढा हशा झाला. फ्रान्सिस्का आधी लाल झाली, मग हसू लागली, आणि मान वर करून, निळा ड्रेस सावरत पुढे गेली. क्रिस्टीनालासुद्धा टाळ्या वाजवाव्या लागल्या. सगळ्यात जोरात मी वाजवल्या.

ती परत येऊन माझ्या शेजारी बसली. मांडीवर जिलेटीन कागदात गुंडाळलेलं भलंमोठं काचेचं भांडं. माझे डोळे भरून आले. काहीतरी चांगलं बोलावं म्हणून मी भांड्याला हात लावला, काठावरून बोट फिरवलं, जरा वाकून आत पाहिलं.

"डोमिंग," ती समोर बघतच पुटपुटली, "नजर काढ थंयसून. ह्या फ्रूट सॅलडाचा आसा."