व्हर्लिनची शिकवणी

विस्कॉन्सिनमधल्या त्या चीजच्या गोदामात फोर्कलिफ्ट चालवणाऱ्या प्रत्येकाला व्हर्लिननंच शिकवलं होतं. एकतीस वर्षांत त्याच्या हातून साधा खोकाही पडला नव्हता. गुरुवारी मात्र, गेल्या साली मारलेल्या हरणाची शिंगं केवढी होती हे सोबत्यांना दाखवायला पठ्ठ्यानं स्टिअरिंगवरचे दोन्ही हात सोडले. शिंगं सगळ्यांना दिसली, पण गाडी रॅकवर धडकली आणि चेडरच्या चाळीस-चाळीस पौंडांच्या बारा लाद्या धडाधड खाली आल्या.

सुरक्षेचं काम बघणारी डार्लीन वही घेऊन हजर.

"नियम तुला सांगायला नको. अपघात झाला की आठ तासांचं प्रशिक्षण, मग लेखी परीक्षा. तोवर किल्ली माझ्याकडे."

"अगं, परवा शनिवार! हरणांच्या शिकारीचा हंगाम उघडतोय! चाळीस वर्षांत पहिला दिवस चुकवला नाही मी."

"मग उद्या पास हो. नाहीतर शनिवारी परत वर्ग. सोमवारी थँक्सगिव्हिंगच्या सणाचे ट्रक लागणार, ते कोण भरणार?"

"आणि मला शिकवणार कोण?"

डार्लीननं प्रशिक्षकांची यादी काढली. यादीत एकच नाव होतं.

"तूच."

"मीच मला शिकवू?"

"तुझा चालवायचा परवाना गेलाय, शिकवायचा नाही. लाग कामाला."

झालं! शुक्रवारी व्हर्लिन वर्गात एकटाच. फळ्यावर लिहायचा, मग लगबगीनं बाकावर बसून उतरवून घ्यायचा. दुपारी डार्लीननं डोकावलं, तर स्वारी रिकाम्या बाकावर डाफरत होती, "भार वर उचलून वळलास तर गाडी उलटते, शिरलं का डोक्यात, टोणग्या?" तिनं हळूच दार लोटून घेतलं.

संध्याकाळी त्यानं तीस प्रश्नांचा पेपर सोडवला आणि लाल पेन घेऊन तपासायला बसला. बाहेर भाऊ बंदुका, तंबू आणि सॉसेजांची पेटी घेऊन हॉर्नवर हॉर्न वाजवत होता. पास व्हायला सत्तावीस हवे होते. भरले सव्वीस. त्यानं पुन्हा मोजले, तरी सव्वीसच. उत्तरं पेन्सिलीनं लिहिलेली, एक खूण पुसायला कितीसा वेळ? पण सव्वीसवाल्याला त्यानं आजवर कधी सोडलं नव्हतं, सख्ख्या मेव्हण्यालाही नाही. बराच वेळ तो खोडरबर हातात घेऊन बसला. मग त्यानं ते खिशात टाकलं, बाहेर जाऊन भावाला एकट्यालाच पुढे पाठवलं आणि पेपर डार्लीनच्या टेबलावर ठेवला.

डार्लीन थक्क झाली. "अरे देवा! तूच शिकवलंस, तूच लिहिलंस, तूच तपासलंस, तरी नापास?"

"मठ्ठ नाही गं तो," व्हर्लिन उदास होऊन म्हणाला, "पण दिवसभर खिडकीतून जंगलाकडेच बघत होता. उद्या आठला बोलावलंय त्याला."