दोन रेघा पुढे

"फोरमनची जागा रिकामी आहे," मालक म्हणाले, "पण सर्टिफिकेट असल्याशिवाय कुणाला बसवणार नाही. हल्ली गिऱ्हाईक विचारतं."

नाना म्हणजे त्या कारखान्यातले सगळ्यात जुने टर्नर. लेथवर लोखंडी दांडे कातण्यात अर्धं आयुष्य गेलेलं, पण कागद म्हणाल तर एक नाही. संध्याकाळी त्यांनी बायकोपुढे विषय काढला. अडचण अशी की कोर्सची फी आणि बायकोला कबूल केलेलं कपडे धुण्याचं मशीन, दोन्ही एकाच डब्यातल्या पैशांतून यायची होती.

"फोरमन झालो की पगार वाढतो. फी वर्षाच्या आत वसूल," नाना म्हणाले.

"आणि नापास झालात तर?"

"मला? लेथवर? अगं, मीच त्यांना चार गोष्टी शिकवून येईन!"

बायकोने हातातला शर्ट, त्यात नाना असल्यासारखा, करकचून पिळला आणि डबा पुढे सरकवला.

शिकवायला लेकीच्या वयाची बाई होती. नानांनी पहिला दांडा कातला, तो बारीक निघाला. दुसराही बारीक. तिसऱ्याला नानांनी लेथला दोन शिव्या दिल्या, तरी तो बारीकच.

"काका, तुम्ही हँडलवरच्या आकड्यावर थांबत का नाही? प्रत्येक वेळी दोन रेघा पुढे जाता," बाई म्हणाल्या.

नानांचं तोंड एवढंसं झालं. कारखान्यातला लेथ जुना, हत्यार ज्यावर सरकतं ती सरकपट्टी ढिली. लोखंडाला टेकलं की हत्यार मागे रेलायचं आणि कमी कापायचं. म्हणून नाना आणि त्याच लेथवर दुसऱ्या पाळीला असणारा लंबू, दोघेही हँडल आकड्याच्या दोन रेघा पुढे न्यायचे. इतकी वर्षं त्या खोडीला नाना आपली कारागिरी समजत आले होते. हाताची जादू म्हणून नातेवाइकांत मिरवलीसुद्धा होती.

आता ही सवय मोडायची कशी? दिवसभर दोन रेघा पुढे आणि संध्याकाळी वर्गात आकड्यावर, असा दोन डगरींवर हात ठेवून परीक्षा पास होणं कठीण होतं. नापास झालो तर त्या डब्याकडे कोणत्या तोंडाने बघायचं, या विचाराने नानांची झोप उडाली. शेवटी लंबू आजारपणाच्या रजेवर गेल्याचं साधून त्यांनी वर्गात शिकल्याबरहुकूम सरकपट्टी आवळली. लेथ शहाण्यासारखा आकड्यावर कापू लागला. नाना स्वतःवर इतके खूश झाले की बायकोला दोनदा सांगितलं. लंबूला मात्र सांगायचं राहून गेलं.

नाना परीक्षेला गेले त्याच दिवशी लंबू कामावर हजर झाला.

दुसऱ्या दिवशी नाना पास झाल्याची मिठाई घेऊन कारखान्यात शिरले, तर लेथभोवती घोळका. मधोमध खोकंभर दांडे, सगळे बारीक, सगळे भंगारात जाणारे. कापलेलं लोखंड परत चिकटवता येत नाही.

"लेथ बिघडलाय!" लंबू ओरडत होता. "माझा हात चुकायचा नाही!"

"कुणी हात लावला होता याला?" मालकांनी विचारलं.

गप्प बसावं, असं नानांना एकदा वाटलं. पण लंबूचा पडलेला चेहरा बघवेना.

"मी," नाना म्हणाले. "बिघडला नाही मालक, सुधारलाय."

"सुधारला म्हणून एवढा माल फुकट गेला?"

"लंबू आता आकड्यावर थांबायला शिकला की..."

"नाना, तुम्हाला शिकायला कोर्स लागला," लंबू म्हणाला. "मला आजच्या आज कसं जमेल?"

मालकांनी कपाळावर हात मारला. "माल उद्या जायचाय. होता तसा करून ठेवा तो लेथ. आणि ढिला म्हणजे पहिल्याइतकाच ढिला. केसभर कमी नको, केसभर जास्त नको!"

सरकपट्टी आवळणं सोपं होतं, ते वर्गात शिकवलं होतं. पण बरोबर जुन्याइतकी बिघडवायची कशी, हा धडा कुठल्याच पुस्तकात नव्हता. नाना स्क्रू सैल करीत, लंबू दोन रेघा पुढे जाऊन दांडा कापी आणि मान हलवी. पुन्हा स्क्रू, पुन्हा दांडा. नानांना परीक्षेतही इतका घाम फुटला नव्हता. दुपार कलल्यावर एकदाचा दांडा मापात आला.

"आत्ता कसा!" लंबूने लेथवर थाप मारली. "हा आपला लेथ!"

मालकांनी स्वतः माप घेतलं आणि ते नानांकडे वळले. नानांनी मनातल्या मनात फोरमनच्या खुर्चीला रामराम ठोकला.

"फोरमन तुम्हीच," मालक म्हणाले. "इतकं मोजूनमापून बिघडवणं अडाणी माणसाला जमत नाही. भंगाराचे पैसे मात्र वाढीव पगारातून जातील हं."

घरी बायको दारातच उभी होती. "मग? मिळाली जागा?"

"मिळाली."

"अगंबाई! मग फोरमनसाहेबांनी पहिल्या दिवशी काय काम केलं?"

नानांनी चपला काढल्या, जागेवर नीट लावल्या आणि तिची नजर चुकवत म्हटलं, "लेथ होता तसा केला."

"बघा, मी म्हणत नव्हते?" बायको कौतुकाने म्हणाली. "शिक्षण कधी वाया जात नाही."