प्रेम व आपुलकीपोटी फीमाफी

दिंद्रुडच्या पंडितरावांची न्यायालयावर अपार श्रद्धा होती. फक्त त्या श्रद्धेला फी लागते हे त्यांना ठाऊक नव्हतं. शेजारच्या राधाकिशननं बांध दोन हात आत सरकवला, तेव्हा ते तडक तालुक्याला वकिलांकडे गेले. वकिलांनी दाव्याचं मूल्यांकन करून कोर्ट फीचा आकडा सांगितला. पंडितरावांनी आधी पाणी मागितलं, मग सवलत.

सवलत होती. मालमत्तेच्या दाव्यात बायकांना कोर्ट फी माफ असते, असं वकील म्हणाले. बायकांसाठी सरकारनं केलेली एखादी गोष्ट पंडितरावांना जन्मात पहिल्यांदाच आवडली.

"मग आमच्या मंडळीच्या नावानं टाका दावा," ते म्हणाले.

पण दावा लावायचा तर नावावर जमीन हवी, आणि भिवराबाईंच्या नावावर रेशनकार्डाखेरीज काहीच नव्हतं. तेव्हा पाचही एकरांचं बक्षीसपत्र झालं. त्यात 'प्रेम व आपुलकीपोटी' असं लिहायची पद्धत असते. बत्तीस वर्षांच्या संसारात तोंडातून न निघालेले हे शब्द पंडितरावांनी दोन साक्षीदारांसमोर खाली मान घालून मंजूर केले. फी वाचवायची म्हणजे माणसाला काहीतरी सोसावं लागतंच.

राधाकिशनही कच्चा नव्हता. उलटा दावा ठोकायचा तर त्यालाही फी होती, म्हणून त्यानंही आपलं शेत बायकोच्या, रतनबाईच्या नावावर करून टाकलं. आता तारखेला दोघी बायका कोर्टाबाहेर एकाच बाकावर बसू लागल्या. नवरे समोरच्या हॉटेलात वेगवेगळ्या टेबलांवर वाचलेल्या फीची भजी खात. दोघी पूर्वी एकाच टोळीत ऊसतोडीला जायच्या, ही बाब कुठल्याच वकिलानं विचारात घेतली नव्हती. चौथ्या तारखेला त्यांनी तडजोडीचा कागद दिला. वादाच्या दोन हातांची पाऊलवाट करायची. डोक्यावर कडब्याचं ओझं घेऊन लांबून वळसा घालायला दोघी कंटाळल्या होत्या.

पंडितराव खवळले. "मला इचारलं कावून न्हाई?"

"दावा माझा हाय," भिवराबाई म्हणाल्या. "शेतबी. तुमाला इचारायला तुमचं त्यात काय हाय?"

ते तसेच वकिलांकडे गेले आणि बक्षीसपत्र रद्द करा म्हणाले.

"दावा लावू की," वकील म्हणाले. "पण तुम्ही पुरुष. पाच एकरांच्या किमतीवर पुरी फी पडेल. शिवाय प्रेम वगैरे काही नव्हतं, नुसती फी वाचवायची होती, असं शपथेवर सांगावं लागेल."

पंडितरावांनी फीचा आकडा विचारला. ऐकून त्यांनी पुन्हा पाणी मागितलं.

"तसं प्रेम होतंच म्हना," ते शेवटी म्हणाले.

वाचकहो, हसून झालं असेल तर आपल्या घरचा सातबारा काढून बघा. त्यावर घरच्या बाईचं नाव नसेल, तर तुमच्यावर अजून फी भरायची वेळ आलेली नाही, एवढंच.