चष्म्यातला धबधबा

सासऱ्यांनी स्वतःच्या हाताने करून दिलेली फळी वर्षभर आमच्या पलंगाखाली पडून होती. त्या संध्याकाळी ते चहाला येणार होते. "आज ती भिंतीवर दिसली नाही, तर बाबांना काय सांगायचं ते तुम्हीच सांगा," बायको म्हणाली. मी तिथल्या तिथे ठरवलं, फळी आपणच लावायची.

ऑफिसातून मी एक नवा चष्मा आणला होता. तो घातला की समोरच्या खोलीतच सूचना तरंगतात, आणि माणूस बघून बदलतात. नवख्याला जास्त, जाणकाराला कमी. आता कारकून काही सूचना वाचत नसतो. (वाचल्या असत्या तर साहेब झालो असतो.) पाटी दिसली की 'ठीक आहे' दाबायचं, ही माझी हयातभराची सवय. पाच-सहा पाट्या अशा उडवल्या, तर चष्मा म्हणाला, "आपण अनुभवी दिसता. सूचना बंद करतो."

इतक्या आदराने माझ्याशी घरात कोणी बोलत नाही. मी फुशारलो. भिंतीत पाण्याचा पाइप कुठून गेलाय, हीसुद्धा त्या बंद झालेल्या सूचनांपैकीच एक होती.

ड्रिल चालवताना छाती धडधडायला लागली. तेही चष्म्याला कळलं. "आपण दमलात. शांत वाटेल असं दृश्य दाखवू?" मी सवयीने 'ठीक आहे' दाबलं. भिंतीवरून धबधबा कोसळू लागला. काय तो गारवा, काय ते तुषार. मी हरखून गेलो.

"अहो, पाणी!" बायको ओरडली.

"तुला कसं दिसलं? चष्मा तर माझ्याकडे आहे."

"गादी भिजली."

"भिजल्यासारखी वाटते. तीच तर यातली खुबी आहे."

तिने चष्मा ओढून काढला. धबधबा तसाच होता.

आणि दारात सासरे. त्यांनी मुख्य नळ बंद केला, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि (जावयाला बोलायचं नाही, हा त्यांचा नियम) नुसते भिंतीकडे बघत राहिले. मग त्यांना असं काही हसू फुटलं की बायकोही हसली, मीही हसलो. फळी बापलेकीने मिळून लावली, दुसऱ्या भिंतीवर. सुरेख दिसत होती.

मी चष्मा पुसून पुन्हा घातला. आधीचं सगळं गायब. समोर मोठ्या अक्षरांत एकच पिवळं बटण: 'घरातल्या मोठ्या माणसाला बोलवा.' माझे कानशिलावरचे केस पिकलेत. तरी कुतूहल म्हणून दाबलं, तर स्वयंपाकघरात बायकोचा फोन वाजला.

"आले हं," ती तिथूनच म्हणाली. "तोवर कशालाही हात लावू नका."