सहा दातांची मजा

लहान मुलांचा गोल्फ सुधारला पाहिजे आणि तो सुधारताना त्यांना मजाही आली पाहिजे, याबद्दल मैदानावर कुणाचंही दुमत नव्हतं. सुधारणा मोजायची सोय पहिल्यापासून होती. दहा चेंडू मारायचे, किती आत पडले ते बघायचं, झालं. मजेची मात्र कुठेही नोंद होत नव्हती, आणि ही गंभीर बाब सगळ्यात आधी लक्षात आली ती वजनमापे निरीक्षकांच्या.

निरीक्षकांचं आयुष्य तराजूच्या काट्याकडे बघण्यात गेलं होतं. दुकानात शिरायचं, वजनं तपासायची, बरोबर निघाली तर शिक्का, कमी भरली तर जप्ती. माणूस सरळ होता, चहासुद्धा स्वतःच्या थर्मासमधला प्यायचा. घरच्या स्वयंपाकघरातल्या तराजूवरही त्यांनी शिक्का मारून ठेवला होता आणि दरवर्षी तो नव्याने मारत. मुलीला त्यांनी रविवारच्या गोल्फच्या वर्गात घातलं ते माहितीपत्रक वाचून. त्यावर छापलं होतं, ‘खेळात सुधारणा, मजा हमखास.’ पाकिटावर मालाचं नाव छापायचं आणि निव्वळ वजन छापायचं नाही, हा त्यांच्या खात्यात गुन्हा होता.

मुलगी सात वर्षांची. पुढचे चार दात, वर दोन आणि खाली दोन, एकाच महिन्यात पडल्यामुळे घरात तिला सगळे बोळकी म्हणत. तिलाही ते नाव पसंत होतं.

“मजा आली?” तिसऱ्या रविवारी जेवताना निरीक्षकांनी विचारलं.

“हो.”

“किती?”

“खूप.”

“खूप हे माप नाही, बाळा.”

बोळकीने विचार केला आणि दोन्ही हात पसरून दाखवले. निरीक्षक उठून टेप आणायला निघाले, तेव्हा बायको म्हणाली, “जेवा आधी. पोरगी हात पसरून किती वेळ बसणार आहे?”

बायकोची तक्रार रास्त होती, म्हणून निरीक्षकांनी तो प्रश्न थेट वर्गात न्यायचं ठरवलं.

वर्ग घेणाऱ्या म्हाताऱ्याला सगळे मास्तर म्हणत. त्यांची शिकवण्याची पद्धत अशी की बारा मुलांपैकी एकाने हिरवळीवर पालथं पडायचं आणि चेंडू ज्यात पडतो त्या खळग्याला कान लावायचा. मास्तर त्या खळग्याला गल म्हणत, गोट्यांच्या खेळातल्यासारखं. बाकीच्यांनी लांबून चेंडू मारायचा. चेंडू गलीत पडला की मास्तर विचारत, “काय म्हणाला?” आणि पडलेल्या मुलाने चेंडू काय म्हणाला ते सांगायचं. एकदा म्हणाला, भूक लागली. एकदा म्हणाला, खाली फार अंधार आहे, दुसऱ्या कुणालातरी पाठवा. मग दुसऱ्याला पाठवण्यासाठी सगळी मुलं जीव लावून नेम धरत. बोळकीचे पहिल्या रविवारी दहातले दोन चेंडू आत गेले होते, तिसऱ्या रविवारी सहा. चेंडूचं बोलणं ऐकताना ती मुळीच आवाज करत नसे, डोळे घट्ट मिटून घेई, आणि गाल फुगत फुगत कानापर्यंत जात.

दोरीपलीकडे खुर्च्या मांडून बसलेल्या पालकांना हे सगळं दिसत होतं. त्यांना ते आवडतही होतं. पण आवडतं आहे, हे त्यांना अजून कुणी अधिकृतपणे कळवलं नव्हतं.

“मास्तर, मजेचं मोजमाप कसं करता?” निरीक्षकांनी विचारलं.

“करत नाही, साहेब.”

“मग मजा येते हे कशावरून?”

मास्तरांनी चेंडू मारायच्या काठीने टाचेची माती काढली. “वर्ग सुटला की घरी जायला कोण रडतं ते बघावं. जास्त रडलं की जास्त मजा.”

निरीक्षकांनी वहीत लिहिलं, ‘रडणे म्हणजे मजा, असे प्रशिक्षकांचे म्हणणे.’ लिहिल्यावर ते वाक्य त्यांना फारच भयंकर वाटलं. तिथेच त्यांनी अर्ज लिहिला, की हमखास म्हटलेल्या मजेचं प्रमाण पालकांना दर आठवड्याला लेखी मिळावं. पहिली सही स्वतःची केली आणि कागद खुर्च्यांवरून फिरवला. पहिल्या रांगेने तो वाचला, दुसऱ्या रांगेने पहिल्या रांगेची सही बघितली, आणि तिसऱ्या रांगेने फक्त पेन कुणाचं आहे एवढं विचारलं. बारा मुलांमागे एकवीस सह्या झाल्या. बोळकीच्या आईने मात्र, “माझ्या हाताला लोणी लागलंय,” म्हणून सही टाळली. लोणी कुठेही नव्हतं.

मैदानाच्या सचिवांनी अर्ज वाचला आणि त्यांचा चेहरा उजळला. वर्षानुवर्षं गवताच्या उंचीपलीकडे त्यांच्यासमोर कुठलाच विषय आला नव्हता. आठवड्याच्या आत आनंद उपसमिती स्थापन झाली आणि निरीक्षकांना मानद सदस्य म्हणून बोलावणं आलं. तीन बैठका मजेची व्याख्या करण्यात गेल्या. शेवटी निरीक्षकांनीच तोड काढली. ते म्हणाले, जे दिसतं ते मोजता येतं, आणि मजेतलं दिसण्यासारखं काही असेल तर ते दात. प्रमाण ठरलं: किमान सहा दात, किमान तीन सेकंद. ठरावाच्या खाली निरीक्षकांनी सही केली तेव्हा त्यांचा ऊर भरून आला, कारण आजवर शिक्का न बसलेली एक गोष्ट त्यांच्या हातून शिक्क्याखाली आली होती.

पुढच्या रविवारी हिरवळीवर आनंद पर्यवेक्षक आल्या. त्यांच्याकडे तक्ता होता आणि घड्याळ होतं. मुलाने चेंडू मारायचा, पर्यवेक्षकांकडे तोंड करायचं, हसायचं, त्या दात मोजून ‘झालं’ म्हणाल्या की तोंड मिटायचं. गलीला कान लावून पडण्याला मनाई झाली. त्यात द्वेष काहीच नव्हता. मूल पालथं पडलं की त्याचं तोंड गवताकडे जातं आणि मजा पडताळून बघता येत नाही, एवढंच कारण होतं.

“आणि चेंडू काय म्हणाला ते?” एका मुलाने विचारलं.

“ते लेखी द्यायचं,” पर्यवेक्षक म्हणाल्या.

बोळकीने त्या दिवशी पहिलाच चेंडू लांबून आत घातला. ती वळली आणि हसली. पर्यवेक्षकांनी वाकून बघितलं, चष्मा पुसला, परत बघितलं.

“दोन,” त्या म्हणाल्या. “अजून थोडं हस.”

बोळकी आणखी हसली. हिरड्या छान दिसल्या. दात दोनच राहिले. तक्त्यावर तिच्या नावासमोर शेरा पडला, ‘खेळ चांगला, आनंदात कच्ची.’

निरीक्षक सचिवांच्या खोलीत गेले. भिंतीवर गवताच्या उंचीचे तक्ते होते आणि त्यांच्यावर आता आनंदाचे तक्ते चिकटवले होते.

“अहो, तिचे दात पडलेत,” निरीक्षक म्हणाले.

“मग दाताच्या डॉक्टरांचा दाखला आणा.”

निरीक्षकांनी दाखला आणला. त्यात लिहिलं होतं की चार दात वयोमानानुसार गैरहजर आहेत, यथावकाश येतील. सचिवांनी तो दोनदा वाचला.

“यावरून दात नाहीत हे सिद्ध होतं,” ते म्हणाले. “पण असते तर दिसले असते, हे कुठे सिद्ध होतं?”

निरीक्षकांनी मनातल्या मनात मान डोलावली, कारण दुकानदारांना ते स्वतः अगदी हेच विचारत आले होते. बोळकीला रविवारशिवाय शनिवारच्या आनंद सुधार वर्गातही घालण्यात आलं. तिथे काठी नव्हती, चेंडू नव्हता. एक मोठा आरसा होता.

इकडे रविवारच्या वर्गात दातांनी चांगला जोर धरला. सधन घरच्या मुलांना हसण्याची खाजगी शिकवणी लागली. एक मुलगा नऊ दात आणि सात सेकंदांपर्यंत पोहोचला आणि त्याचा फोटो फलकावर लागला. नेम मात्र साफ बिघडला. हसण्याची तयारी आधीपासून करावी लागत असल्याने मुलांचं लक्ष गलीकडे नसायचं, आणि दहातला एक चेंडू आत पडणंही मुश्कील झालं. उपसमितीने या घसरणीचा सखोल अभ्यास केला. अभ्यासात असं आढळलं की मुलं काठी हातात धरतात तेव्हा कपाळाला आठी पडते, आणि आठी पडली की दात झाकले जातात. सबब, खेळामुळे आनंदात अडथळा येतो. काठ्या कपाटात कुलूपबंद झाल्या. मुलं हिरवळीवर रांगेत उभी राहून हसू लागली. मास्तरांना काम उरलं नाही, म्हणून शेडमागच्या नळावर चेंडू धुवायला बसवलं. त्या महिन्याचा आनंद ब्याण्णव टक्के भरला. दोरीपलीकडे पालकांनी टाळ्या वाजवल्या, आणि खरं सांगायचं तर निरीक्षकांनीही वाजवल्या, फक्त जरा हळू.

शनिवारी संध्याकाळी ते घरी आले तेव्हा बोळकी न्हाणीघराच्या आरशासमोर स्टुलावर उभी होती. तोंडात काहीतरी पांढरं होतं. तिने वळून बापाकडे बघितलं आणि तीन सेकंद हसली. मोजून तीन.

“बघा बाबा, सहा झाले.”

चार दात कागदाचे होते. ओलसर झालेले, वेडेवाकडे कापलेले. निरीक्षक जवळ गेले आणि त्यांना प्रत्येक दातावर निळ्या शिक्क्याचा एकेक तुकडा दिसला. त्यांच्या कपाटातल्या कोऱ्या फॉर्मवर तिने त्यांचा शिक्का मारला होता आणि मग त्यातून दात कापले होते.

“शिक्का कशाला मारलास?”

“शिक्का असला की खरं मानतात ना,” बोळकी म्हणाली. कागदामुळे बोलताना तिची जीभ अडत होती. मग ती स्टुलावरून उतरली आणि हळूच म्हणाली, “बाबा, उद्या माझं पोट दुखलं तर चालेल?”

बायको दारात उभी होती. आपल्या हातून किती मोठा गुन्हा घडला आहे ते निरीक्षकांना त्या क्षणी कळलं, आणि त्याला कुठलं कलम लावायचं ते मात्र कळेना. त्यांनी बोळकीपुढे ओंजळ धरली. तिने एकेक करून दात त्यात काढून ठेवले.

“उद्या पोट दुखायला नको,” ते म्हणाले. “आपण लवकर जाऊ. कुणी यायच्या आत.”

सकाळी मैदानावर चिटपाखरू नव्हतं. शेडमागे मास्तर बादलीत चेंडू घासत होते. निरीक्षक त्यांच्यापुढे उभे राहिले. माफी कशी मागतात याचा नमुना त्यांना कुठल्याच फाईलमध्ये मिळाला नव्हता.

“मास्तर, चुकलं माझं.”

“धरा ही बादली,” मास्तर म्हणाले. कपाटाला कुलूप असल्यामुळे त्यांनी शेडमधून स्वतःची जुनी काठी आणली. बोळकीच्या मापाची व्हावी म्हणून ती केव्हाच निम्मी कापून ठेवलेली होती.

“कान कोण लावणार?” मास्तरांनी विचारलं.

तिघेच होते. मास्तरांचे गुडघे वाकत नव्हते आणि बोळकीला मारायचं होतं. निरीक्षकांनी रुमाल पसरला, मग तो परत खिशात घातला आणि तसेच गवतावर पालथे झाले. गवत ओलं होतं. गलीतून मातीचा गार वास येत होता. लांबून टिक असा आवाज झाला, काहीतरी घरंगळत जवळ आलं आणि त्यांच्या कानाखाली पडलं.

“काय म्हणाला?” बोळकीने ओरडून विचारलं.

“टक् म्हणाला.”

“नीट ऐका हो, बाबा.”

दुसरा चेंडू हुकला. तिसरा आला, काठावर घुटमळला, पडला. निरीक्षकांनी डोळे मिटले. त्यांचे गाल फुगत फुगत कानापर्यंत गेले, आणि दात एकही दिसला नाही.

“काय म्हणाला?”

“म्हणाला, इतक्यात उठू नका.”

बोळकी हसून हसून हिरवळीवर लोळली. तिचे किती दात दिसले ते निरीक्षकांनी मोजलं नाही. त्या दिवशी तिचे दहातले सात चेंडू आत गेले, आणि घरी निघताना ती रडली. निरीक्षकांना मास्तरांचं माप आठवलं, आणि ते अगदी तंतोतंत असल्याची खात्री पटली. त्यांना फार बरं वाटलं, इतकं की दोरीपलीकडच्या खुर्च्या एव्हाना भरल्या होत्या हे त्यांच्या लक्षातच आलं नाही.

मंगळवारी सचिवांनी त्यांना बोलावून एक अर्ज पुढे ठेवला. रविवारी सकाळी एक प्रौढ इसम सरावाच्या हिरवळीवर कान लावून पडलेला आढळला, असं त्यात लिहिलं होतं. सदर इसमास मजा येत असल्याचा दाट संशय आहे. त्याच्या दातांची नोंद नाही. त्याच्यासोबतचं मूल वर्ग सुटल्यावर रडत होतं. मुलांवर याचा काय परिणाम होईल, असा प्रश्न पालकवर्गास पडला आहे.

खाली सह्या होत्या. निरीक्षकांनी सवयीने मोजल्या. एकवीस. मागच्या वेळी त्यांची स्वतःची धरून एकवीस झाल्या होत्या. या वेळी त्यांची नव्हती, बायकोने तर कधीच केली नव्हती, तरी आकडा बरोबर भरला होता. त्यांनी चष्मा लावून एकेक सही ओळखायला घेतली. वीस लागल्या. एकविसावी काही केल्या त्यांना लागेना.

तो अर्ज अजून सचिवांच्या टेबलावर आहे. तुम्ही एकदा बघून घ्या. अक्षर तुम्हाला लगेच लागेल, रोजच्या बघण्यातलं आहे.